चुलवाणापाशी बसणारा माणूस

थंडी पडू लागली आणि कोल्हापुरातून पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलो, की उकळत्या रसाचा वास येतो आणि मी थेट करवीर तालुक्यातल्या आमच्या जुन्या गुऱ्हाळावर जाऊन पोहोचतो. काहिलीत फसफसणारा रस, भेंडीच्या पाण्याने वर आलेली मळी काढणारा गुळव्या आणि त्याने उसाच्या कांडक्यावर गुंडाळून माझ्या हातात दिलेला गरम गूळ, हे सारे एका श्वासात परत येते.

१६८८ साली योहानेस होफर यांनी बासेल येथे लिहिलेल्या प्रबंधात घराच्या ओढीने झुरणाऱ्यांच्या अवस्थेला ‘नॉस्टॅल्जिया’ हे नाव दिले, तेव्हा तो आजार समजला गेला होता. साउथॅम्प्टन विद्यापीठातील कॉन्स्टंटाइन सेडिकिडीस, टिम विल्डशूट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मात्र २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात निराळे आढळले. अशा आठवणी बहुधा मन उदास किंवा एकाकी असताना येतात, त्यांत आपण मध्यभागी असलो तरी भोवती जिवाभावाची माणसे असतात, आणि त्या आठवल्यावर आपण कोणाचे तरी आहोत ही जाणीव बळावते.

मला मात्र कित्येक वर्षे या आठवणींनी हुरहुरच लागत असे, कारण मी केवळ हिशेब मांडत होतो: गुऱ्हाळ मोडले, ऊस कारखान्याला जाऊ लागला, वडील थकले. आपल्याला काही चांगले लाभले हे मान्य करणे आणि ते आपल्याबाहेरून कोणाकडून तरी आले हे ओळखणे, अशी कृतज्ञतेची दोन अंगे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एमन्स सांगतात. त्यांतले दुसरे अंग माझ्या आठवणीत जवळजवळ नव्हतेच. गुळव्याचा चेहरा मला स्वच्छ आठवतो. पण खाली चुलवाणाच्या तोंडाशी, अंग भाजून काढणाऱ्या धगीत, रात्रभर चिपाडे सारत बसणाऱ्या माणसाचा चेहरा आठवेना. जाळ कमीजास्त झाला असता तर तो गूळ साधलाच नसता.

गेल्या दिवाळीत मी वडिलांना त्याच्याविषयी विचारले. त्यांना फक्त त्याच्या कपाळाला बांधलेला ओला पंचा आठवला. आई मात्र चटकन म्हणाली, “अरे, त्याची भाकरी आपल्याच घरातनं जायची की. तूच तर नेऊन द्यायचास.”