‘तुंबाड’मधली भीती कणकेतून येते

आज ‘तुंबाड’ (2018) हा भयपट पुन्हा पाहिला आणि पुन्हा जाणवलं, की या सिनेमातली भीती नियमांवर उभी आहे. हस्तर या सिनेमातल्या शापित देवाला सोनं मिळालं, धान्य मिळालं नाही. म्हणून तो कायमचा भुकेला, आणि धान्य हेच त्याचं आमिषही आणि धाकही. सोन्याचा लोभी नायक विनायक दोरावरून खाली हस्तरकडे उतरतो, पिठाचं रिंगण आखतो आणि मग कणकेची बाहुली पुढे करतो. हस्तर तिच्यावर तुटून पडला, की तेवढ्या वेळात त्याच्या लंगोटातली सोन्याची नाणी ओढायची. नाणी मूठभर, वेळ त्याहून कमी. सगळी पद्धत आपल्याला आधीच कळलेली असते, म्हणूनच छातीत धडधडतं.

(पुढे शेवट फुटतो, सिनेमा पाहिला नसेल तर इथेच थांबा.) बाहुल्या जास्त नेल्या तर सोनं जास्त, हा हिशेब तिथेच चुकतो. एका बाहुलीला एक हस्तर येतो!

सिनेमातल्या आजीच्या प्रसंगांवर मराठी भयकथाकार नारायण धारपांच्या कथेची छाया आहे. ती आजी आणि विनायकचा मुलगा पांडुरंग, दोन्ही भूमिका मोहम्मद समदच्या. मेकअपमागे लहान मुलगा आहे हे माहीत असूनही अंगावर काटा येतो.

पाहायचाच तर दिवे घालवून, हेडफोन लावून पाहा. मोबाईलच्या स्पीकरवर पावसाचा नुसता खरखराट होतो, आणि पंकज कुमारच्या कॅमेऱ्यातला काळोख उजेडाच्या खोलीत राखाडी दिसतो.

धारप नव्याने वाचणाऱ्यांनी कादंबऱ्यांआधी कथा घ्याव्यात.