तुम्ही विचारलंत म्हणून : पकडलेला साप दाजीपूरला का सोडत नाही?

साप बरणीत घेऊन झाकण लावले, की जमलेल्यांपैकी कुणीतरी हमखास सांगते, "याला लांब दाजीपूरच्या जंगलात सोडा." जवळच सोडणार म्हटले, की चेहरे उतरतात.

कोल्हापुरात वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत मी सर्पमित्र आहे. सुरुवातीला मीही एक मोठी धामण दाजीपूरच्या वाटेवर सोडून समाधानाने परतलो होतो. आज त्याचे वाईट वाटते. सापाला स्वतःचा परिसर ठाऊक असतो : उंदीर कोणत्या बिळात आहेत, ऊन कोणत्या बांधावर लवकर येते, मुंगूस दिसले तर कोणत्या फटीत शिरायचे. ऐंशी किलोमीटरवर नेऊन सोडले, की हे सारे एका क्षणात हिरावले जाते. असे हलवलेले साप ठाव शोधत अधिक भटकतात आणि त्यांच्यात मृत्यूचे प्रमाणही वाढते, हे सापांच्या शरीरात ट्रान्समीटर बसवून केलेल्या अभ्यासांत वारंवार दिसले आहे. दाजीपूर हे १९५८ साली गव्यांसाठी राखलेले, धो धो पावसाचे निमसदाहरित जंगल आहे. तिथेही नाग-धामण असतात. पण कोल्हापूरजवळच्या कळंब्याच्या उसात वाढलेल्या धामणीला ते परमुलूखच, शिवाय तिच्या अंगावरचे परजीवी आपण तिथल्या सापांना देण्याचा धोका असतो तो वेगळाच.

म्हणून वन विभागाकडे नोंद करून आम्ही साप शक्य तितक्या लवकर, सापडला त्याच भागातील ओढ्याकाठी किंवा पडीक रानात, वस्तीपासून थोडा दूर सोडतो. विषारी असला तरीही. हे ऐकून लोक रागावतात आणि घरात लहान मूल असेल तर तो राग मला समजतो. पण साप घरात येतो तो उंदरामागे. २०१९ च्या महापुरासारख्या वेळी पाण्याने बिळे बुडतात, तेव्हा कोरड्या जागेसाठीही येतो. साप नेला आणि परसातला विटांचा ढीग, जळण, सांडलेले धान्य तसेच राहिले, तर त्या जागी दुसरा येतो. जुन्या पेठांतल्या काही घरांत मी दोन-तीनदा गेलो आहे.

त्यामुळे आता बरणी गाडीत ठेवण्याआधी मी घरच्यांबरोबर परसात एक फेरी मारतो आणि मोरीच्या तोंडाला बारीक जाळी आहे का ते पाहतो. बहुतेक ठिकाणी नसते.