ओक मास्तरांचा इतिहास

विनायक कोंडदेव ओक हे नाव आता लायब्ररीतल्या जुन्या कपाटापुरतंच उरलंय. जन्म 1840 चा, कोकणातलं हेदवी गाव, आधी शाळामास्तर मग शिक्षण खात्यात नोकरी, आणि हे सगळं सांभाळून माणूस पोरांसाठी लिहीत काय होता तर हिंदुस्थानचा इतिहास, देशोदेशीच्या मोठ्या माणसांची चरित्रं!

1881 मध्ये त्यांनी ‘बालबोध’ मासिक काढलं आणि 1914 ला जाईपर्यंत चालवलं. म्हणजे 33 वर्षं दर महिन्याला एक चरित्र, एक कविता, एक निबंध, शिवाय शास्त्रावरचं काहीतरी, आणि बहुतेक सगळं स्वतःच लिहिलेलं, आपल्याला इथे महिन्याला एक पोस्ट टाकायची म्हटली तरी जिवावर येतं.

आता वाचताना उपदेश जरा डोक्यात जातो, खोटं कशाला बोलू. प्रत्येक मोठा माणूस कष्टाळू आणि सज्जनच. पण वाक्यं एकदम सोपी, सनावळ्यांचा मारा कमी, माणूस लहानपणी कसा होता हे आधी. आमच्या इतिहासाच्या पुस्तकात नेमकं उलटं होतं, तह आणि त्याची पाच कलमं, झालं.

आणि याच साध्यासुध्या माणसाने त्याच 1881 साली लाचखोरीवर ‘शिरस्तेदार’ नावाची कादंबरीपण लिहिली, तीही सरकारी नोकरीवाल्याने, कमालच ना!