तुम्ही विचारलंत म्हणून: रंगाच्या हातांनी वापरवतं कसं?

"इतकं देखणं शिवलंय, मग रंगाच्या हातांनी वापरवतं तरी कसं हो तुम्हाला?"

घाटावर, देवळाच्या ओवरीत, कुठेही चित्र काढायला बसलं की हा प्रश्न येतोच. चित्राबद्दल सहसा कोणी बोलत नाही, त्याची कारणं चित्रातच असावीत. बोलणं होतं ते शेजारी उघडून ठेवलेल्या कापडी फोल्डरबद्दल. बाहेरून खण, आतून मांजरपाट, म्हणजे साधं जाडंभरडं सुती कापड. मिटलं की शाळेच्या वहीएवढं. उघडलं की पेन्सिली, ब्रश, रंगांची छोटी डबी, खोडरबर, कटर आणि ए-5 आकाराची स्केचबुक. विचारणाऱ्या बहुतेक बायका असतात आणि त्यांचा जीव खणासाठी तुटतो. चोळीचं कापड, ओटीत घालायचं कापड, आणि ही बाई त्याला खुशाल कोळशाची बोटं लावते!

वापरवतं. कारण त्यावरचा जवळजवळ एकही टाका नुसता शोभेचा नाही. हे जरा सविस्तर सांगते.

खण घेतला तो चिवट असतो म्हणून. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा मूळ खण अंगाला घट्ट बसणाऱ्या चोळीसाठी विणला जायचा. काखेत, कोपरात, रोजच्या कामात ताण सोसणारं कापड आहे ते. त्याला नाजूक समजणं हा आपण गेल्या काही वर्षांत लावून घेतलेला लाड आहे. पण त्याच्या दोन खोडी आहेत. कापल्यावर दशा फार सुटतात, आणि नक्षीचे धागे उलट्या बाजूला मोकळे लोंबतात. त्या मोकळ्या धाग्यांत पेन्सिलीचं टोक अडकलंच म्हणून समजा. त्यामुळे अस्तराशिवाय खण वापरायचा नाही आणि कापल्या कापल्या कडेने टीप मारून घ्यायची. बाजारात पॉलिएस्टरचाही खण भरपूर आहे. शंका आली तर एक धागा काढून जाळून बघा: सुती धागा कागदासारखा जळून राख होते, पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. पॉलिएस्टर वाईट असं नाही, पण गरम इस्त्री टेकवली की रडायची वेळ येते.

शिवायला बसण्याआधी माझा सगळा वेळ जातो मापात. उलटं करणारेच जास्त भेटतात: आधी छान कापड, मग लेस, मग बटण, आणि शेवटी "यात ब्रश बसतील ना?" ब्रश बसत नाहीत. म्हणून आधी सगळं सामान टेबलावर मांडायचं आणि पट्टी घ्यायची.

पेन्सिलींच्या कप्प्यांचं गणित एकदा नीट समजून घ्या, कारण घरी शिवलेली बहुतेक फोल्डरं तिथेच फसतात. पेन्सिलीची जाडी साधारण 7 मिमी. लोक खालचं कापड आणि वरची पट्टी सारख्याच लांबीची घेतात, दर 15 मिमीवर टीप मारतात, आणि रिकाम्या फोल्डरकडे बघून खूश होतात. पेन्सिली भरल्या की ते तव्यावरच्या पापडासारखं वळतं. खालचं कापड सपाट राहणार, पण वरच्या पट्टीला पेन्सिलीच्या पाठीवरून जायचं असतं. खाली 15 मिमी असेल तर वर 21 मिमी लागतात. म्हणजे 12 पेन्सिलींना खालचं कापड 18 सेंमी, तर पट्टी 25 सेंमीहून थोडी जास्त. दोन्हीवर वेगवेगळ्या खुणा करायच्या, खूण खुणेला जुळवून टीप मारायची, आणि तळाशी जे जास्तीचं कापड उरतं त्याची प्रत्येक कप्प्यात एक बारीक चुणी घालायची. या चुण्या नंतर इतक्या देखण्या दिसतात की लोकांना वाटतं मुद्दाम नक्षी केलीय. नव्या पेन्सिलीला 10 सेंमी खोल कप्पा पुरतो. झिजून बोटभर उरलेल्यांसाठी वेगळा, 5–6 सेंमी खोल कप्पा हवा, नाहीतर त्या आत गडप होतात.

ब्रश मात्र केसांची बाजू वर करूनच ठेवायचे. त्यांच्या डोक्यावर पडेल अशी झडप शिवायची, म्हणजे मिटताना केस मुडपत नाहीत. ब्रशच्या कप्प्याला प्लॅस्टिकचं अस्तर लावा असं बरेच जण सुचवतात. नको. ओला ब्रश तिथे सुकत नाही, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी यायला एवढं निमित्त पुरतं. सुती कापड ओल शोषून घेतं आणि वाळतंही.

आता टाक्यांकडे येते. खण आणि मांजरपाट यांच्या मध्ये भर हवी. दुकानात स्पंज मिळतो, पण तो काही वर्षांत पिवळा पडून चुरा होतो. मी जुन्या सुती साडीचे थर घालते आणि गोधडीला घालतो तसा धावदोरा घालते. आजी-पणज्या गोधडी शिवायच्या ती थर जागेवर राहावेत म्हणून. ओळी सुंदर दिसतात हा वरचा नफा. इथेही तेच. कडेपासून सुरुवात करून चौकोनात चौकोन आत आत जायचं. फक्त जिथे फोल्डर दुमडणार तिथे चौकोन थांबवून, दुमडीच्या दोन्ही बाजूंना तिला समांतर अशा दोन ओळी घालायच्या आणि मधला बोटभर भाग टाक्याशिवाय सोडायचा. कापड मग बरोबर तिथेच दुमडतं, वेगळी काही युक्ती करावी लागत नाही. माझ्या फोल्डरवर जांभळ्या खणावर हळदी रंगाचा जाड दोरा आहे. बघणाऱ्याला ती सजावट वाटते. तो दोरा उसवला तर साडीचे थर तळाशी गोळा होतील.

ब्रशच्या झडपेवर कसुतीचं भरतकाम आहे आणि तिचीही चौकशी नेहमी होते. झडप उघडली की मागची बाजू समोर येते. कुठलंही साधं भरतकाम केलं तर मागे गाठी आणि दोऱ्यांची लोंबकळ; ब्रश त्यात अडकणार. धारवाडकडच्या कसुतीत गाठ मारत नाहीत, आणि तिचा गवंती टाका दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. जाताना एक सोडून एक टाका घालत जायचं, परतताना सुटलेल्या जागा भरत यायचं. शेवटचं टोक घातलेल्या टाक्यांतच लपवायचं. धागे मोजून काम असल्यामुळे खणावर ते जमणं कठीण, म्हणून झडपेला मॅटीचं, म्हणजे धागे सहज मोजता येतील अशा विणीचं कापड घेतलंय. त्यावर छोटं तुळशी वृंदावन आहे. माझे डोळे आता चष्म्यासकटही कुरकुरतात, त्यामुळे कसुतीतल्या गोपुराच्या नक्षीच्या वाटेला गेले नाही.

आरसे, कवड्या, मणी का नाहीत? लमाणी कामातले आरसे मला जीव की प्राण आहेत, पण झोळीत फोल्डरवर पाण्याची बाटली घासते, टेबलावर ते सरकतं, आणि गुडघ्यावर ठेवून चित्र काढताना मणी मांडीला टोचतात. एकच कवडी आहे, नाडीच्या टोकाला. तिच्या वजनामुळे गुंडाळलेली नाडी आपोआप सुटत नाही, म्हणून तिला परवानगी.

कडेची मगजी, म्हणजे कडा झाकणारी दुमडलेली पट्टी, उरेब (तिरक्या कापलेल्या) कापडाचीच हवी. सरळ कापलेली पट्टी गोल कोपऱ्यावर चुण्या पडून गोळा होते. तिरकी कापलेली ताणली जाते आणि कोपऱ्याला बिलगते. 4 सेंमी रुंदीची पट्टी घेतली की दुमडून 1 सेंमीची मगजी बसते. इथे सगळे थर एकत्र येतात, तेव्हा मशीनला 16 किंवा 18 नंबरची सुई लावा आणि घाई करू नका. पायमशीन असेल तर कोपऱ्यावर चाक हातानेच फिरवा.

मांजरपाट आणि मॅटी आधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यायला विसरू नका, दोन्ही आटतात. ताठपणासाठी घातलेला पुठ्ठा आत शिवून टाकू नका, बाजूला फट ठेवा म्हणजे धुताना काढता येतो. खणाचा रंग जातो का हे पांढरं ओलं फडकं चोळून बघा, आणि जात असेल तर तो बाहेरच्या बाजूलाही वापरू नका.

राहिला डागांचा प्रश्न. कोळसा पडला तर ओल्या बोटाने पुसायला जायचं नाही, तो आत मुरतो. झटकायचा आणि मऊ खोडरबराने टिपायचा. जलरंग बरेचसे गार पाण्यात निघतात. काही निळे आणि किरमिजी निघत नाहीत. माझ्या मांजरपाटावर तसे तीन-चार आहेत आणि राहतील. आतलं कापड मी पांढरंच ठेवते ते त्यासाठीच: गडद अस्तरात डाग लपतो, पण काळ्या निबा आणि खोडरबराचे तुकडेही लपतात, आणि मला तेच रोज शोधावे लागतात.

यानंतरचा प्रश्न ठरलेला असतो: "आम्हाला करून द्याल का?" नाही. तुमचे ब्रश किती लांब आहेत ते मला ठाऊक नाही, आणि तुम्हालाही ठाऊक नसतं असा माझा अनुभव आहे. ते मोजा, जुनी साडी शोधा. दोरे आणि नाड्या तुळशीबागेत मिळतील. मगजीपाशी अडलात तर फोल्डर घेऊन या, तेवढा कोपरा मी फिरवून देईन.