पुतणीच्या हृदयाची प्रिंट

कणकवलीत माझं छोटं वर्कशॉप आहे. थ्रीडी प्रिंटरवर मिक्सरची बटणं, होडीच्या इंजिनाचे बारीकसारीक पार्ट, गणपतीच्या मखराची नक्षी असली कामं चालतात. हृदयाचं काम आलं ते मावसभावाच्या मुलीमुळे. तिच्या दोन्ही मोठ्या रक्तवाहिन्या उजव्याच कप्प्यातून निघतात आणि खालच्या कप्प्यांमधल्या पडद्याला भोक आहे. ऑपरेशन मुंबईला व्हायचं होतं. इथले बालरोगतज्ज्ञ म्हणाले, "ते भोक महाधमनीच्या किती जवळ आहे, यावर ऑपरेशन कसं करायचं ते ठरतं. स्क्रीनवर दिसतं, पण हातात धरून बघता आलं तर बरं. जमेल तुला?"

सीटी स्कॅनची सीडी मिळाली, पण हल्ली सीडी ड्राइव्ह कुणाकडे असतो? झेरॉक्सवाल्याकडे सापडला. आत शेकडो डायकॉम फायली, म्हणजे स्कॅनचे एकेक काप, आणि प्रत्येकीत पेशंटचं नाव, जन्मतारीख. घरचं पोर असलं तरी आधी ते काढलं. पुढचं सगळं 'थ्रीडी स्लायसर'मध्ये. स्कॅनवरून थ्रीडी आकार काढायचं हे सॉफ्टवेअर फुकट आहे.

शिरेतून दिलेलं कॉन्ट्रास्टचं औषध स्कॅनमध्ये पांढरं चमकतं. त्यामुळे संगणक पकडतो ते हृदय नव्हे, हृदयातलं रक्त. थ्रेशोल्ड लावला, म्हणजे ठरावीक उजळपणाच्या वरचं सगळं निवडलं, की बरगड्या आणि मणकेही सोबत येतात, कारण हाडही तसंच उजळ. ते कात्रीच्या टूलने छाटायचे. मग रक्ताच्या आकाराभोवती १.५ ते २ मिलिमीटरचं कवच चढवायचं आणि आतलं रक्त वजा करायचं. म्हणजे भिंतीची जाडी आपण ठरवलेली, पोरीची नव्हे. झडपा तर इतक्या पातळ, की नीट येतच नाहीत. मॉडेल हातात देताना हे सांगितलंच पाहिजे.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो पडद्यांनी. वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातही मला भोक दिसत होतं. तो भाग मुळातच पातळ. दोन्हीकडे उजळ रक्त असलं की स्कॅनमध्ये तो विरून जातो आणि नसलेलं भोक दिसतं. उलट पृष्ठभाग गुळगुळीत करणारं टूल जास्त फिरवलं तर असलेलं लहान भोक बुजतं. माउसच्या क्लिकवर पोरीला एक आजार द्यायचा नाहीतर काढायचा! असले निर्णय मी घेत नाही. डॉक्टर दवाखाना बंद करून रात्री माझ्याकडे येऊन बसले, इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट शेजारी ठेवून एकेक काप पुढेमागे करत गेले. "हे बुजव. याला मात्र हात लावायचा नाही." मॉडेलही त्यांनीच कुठे कापायचं ते सांगितलं. उजव्या कप्प्यातून आत बघितलं की भोक आणि महाधमनीचं तोंड एकाच नजरेत यायला हवं होतं.

प्रिंटिंगला डोकं कमी लागलं, पावसाने मात्र छळलं. जुलैत इथे पीएलएचं, म्हणजे प्रिंटरच्या प्लास्टिक तारेचं, रीळ उघडं राहिलं की पापडासारखं सादळतं. मग नोझलमधून चटचट आवाज आणि प्रिंटवर केसासारख्या तारा. रीळ रात्रभर ड्रायरमध्ये ठेवलं, प्रिंटर इन्व्हर्टरवर घेतला. आतले सपोर्ट, म्हणजे प्रिंट होईपर्यंत दिलेले टेकू, चिमट्याने एकेक करून काढले.

खर्च म्हणाल तर किलोचं रीळ १००० रुपयांच्या आसपास, त्यातलं ५० ग्रॅमही लागलं नाही. तार वितळवून थरावर थर चढवायच्या या पद्धतीचं मूळ पेटंट २००९ साली संपलं, म्हणून तर असा प्रिंटर माझ्या टेबलावर आला. महाग पडले ते तास, त्यातही डॉक्टरांचे.

मावसभावाने ते हातात घेतलं. "माझ्या चेडवाचा काळीज ह्या एवढासाच?" मोठं करून प्रिंट मारायला डॉक्टरांनी मनाई केली होती, माप जसंच्या तसं हवं होतं. त्यांनी पेन्सिलीचं टोक भोकातून घालून महाधमनीत काढलं, "असा बोगदा करणार." भाऊ कोकण रेल्वेत ट्रॅकवर कामाला, त्याला बोगदा समजावून सांगावा लागला नाही.

मुंबईच्या सर्जननी मॉडेल बघितलं आणि मापं स्कॅनवर पुन्हा ताडून घेतली, ते योग्यच. ऑपरेशन थिएटरात ते गेलं नाही, कारण पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि वस्तू निर्जंतुक करायच्या ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश असतात. ऑपरेशन झालं, पोर घरी आली.

आता डॉक्टरांना तेच हृदय रबरासारख्या टीपीयूमध्ये हवंय, शिकाऊ डॉक्टरांना टाके घालून बघायला. टीपीयू पीएलएपेक्षाही जास्त ओल धरतं, त्यामुळे ते काम दसऱ्यानंतर.