‘इतिवृत्त अजून कायम झालेले नाही’ : एका ठरावाच्या नकलेचा अनुभव

“ताई, इतिवृत्त अजून कायम झालेले नाही.” हे वाक्य मी 2019च्या पावसाळ्यात आमच्या नगरपरिषदेच्या सभा विभागातील टेबलासमोर सात वेळा ऐकले. सातही तारखा माझ्या वहीत आहेत. इतिवृत्त म्हणजे सभेत काय घडले याची लेखी नोंद. त्या वेळी मला या वाक्याचा अर्थ नीट समजला नव्हता आणि समजून सांगण्याची तसदीही कोणी घेतली नाही. आज समजतो, म्हणूनच राग अधिक येतो. डिसेंबर 2025च्या निवडणुकांनंतर चार वर्षांच्या आसपास चाललेली प्रशासकांची, म्हणजे निवडून आलेल्या सदस्यांऐवजी सरकारी अधिकाऱ्यांची राजवट संपून नगरपरिषदांची सभागृहे पुन्हा भरू लागली आहेत. ठराव पुन्हा सभेत होतील आणि त्यांच्या नकला मागायला माझ्यासारखी माणसे पुन्हा त्याच टेबलांसमोर उभी राहतील, म्हणून हे सविस्तर लिहून ठेवते.

आमचे गाव तापीकाठच्या पट्ट्यातले, तालुक्याचे. मी कापसाच्या एका जिनिंगमध्ये हिशेब लिहिते आणि माझी मुलगी त्या वर्षी नगरपरिषदेच्या शाळेत तिसरीला होती. शाळेची इमारत जुनी होती, दोन वर्ग पावसात गळत. परंतु शाळा घरापासून चालत दहा मिनिटांवर होती आणि आमच्या भागातील हमाल, रिक्षाचालक, भाजीवाल्यांची मुले तिथेच शिकत. जूनच्या अखेरीस होणाऱ्या सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका फलकावर लागली, तेव्हा विषय क्रमांक 17 असा होता : शाळेची इमारत धोकादायक झाल्याने शाळा स्थलांतरित करणे व सदर जागेच्या वापराबाबत विचारविनिमय करून निर्णय घेणे. या वाक्यातील महत्त्वाचे शब्द ‘सदर जागेच्या वापराबाबत’ हे आहेत. शाळेची जागा बाजारपेठेला लागून आहे आणि तिथे व्यापारी संकुल व्हावे, अशी चर्चा गावात आधीपासून होती.

मी सभा पाहायला गेले. नगरपरिषदेची सर्वसाधारण सभा नागरिकांना पाहता येते, हे आमच्या गल्लीतील बहुतेकांना ठाऊकच नव्हते. 2018चा पावसाळा कोरडा गेला होता आणि जळगाव जिल्ह्यात दुष्काळ जाहीर झालेला होता, त्यामुळे पहिले दोन तास पाण्यावरच गेले, आणि ते योग्यही होते. माझ्या शेजारी बसलेले एक वृद्ध गृहस्थ मध्येच उठून “पह्यले पानीनं बोला” असे म्हणाले, तेव्हा त्यांना कोणी गप्प बसवले नाही. त्यानंतर पथदिवे, गटारी, मग प्रधानमंत्री आवास योजनेच्या अडकलेल्या हप्त्यांवर मोठा वाद झाला. जुने घर पाडून भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबांची नावे एका सदस्याने एकामागून एक वाचून दाखवली. त्या दिवशी मला या सभागृहाविषयी खरोखर आदर वाटला. शाळेचा विषय मात्र पाच वाजून गेल्यावर आला आणि दहा मिनिटांत संपला. तरीही आमच्या प्रभागातील नगरसेविका उभ्या राहिल्या. “दोन वर्गांची दुरुस्ती करा, मुलांना महामार्गापलीकडे पाठवू नका, माझा विरोध आहे,” असे त्यांनी स्पष्ट सांगितले. आणखी दोघांनी त्यांना साथ दिली. ही तीन नावे मी वहीत लिहून घेतली, आणि पुढे जे काही हाती लागले ते या तीन ओळींमुळे लागले.

महामार्गापलीकडची शाळा माझ्या स्कूटीच्या मीटरप्रमाणे दोन किलोमीटरहून अधिक लांब होती. शिक्षण हक्क कायद्याच्या महाराष्ट्रातील नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत असायला हवी. जिनिंगमध्ये कामानिमित्त येणाऱ्या एका वकिलांनी मला दुसरी गोष्ट सांगितली. नगरपरिषदांच्या 1965च्या अधिनियमातील कलम 308 प्रमाणे एखादा ठराव बेकायदेशीर किंवा लोकहिताच्या विरुद्ध असेल, तर जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी लेखी आदेशाने थांबवू शकतात. “फक्त ठरावाची नक्कल जोडा,” असे ते म्हणाले. या ‘फक्त’मध्ये पुढचे अडीच महिने गेले.

सभेच्या दुसऱ्या दिवशी मी साध्या कागदावर अर्ज लिहून आवक विभागात दिला आणि पोच घेतली. इथे एक सांगते : पोचेवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख या तिन्ही गोष्टी आहेत ना, हे खिडकीवरून हलण्याआधी पाहावे. माझ्या पहिल्या पोचेवर नुसता शिक्का होता आणि आठवड्याने ‘असा अर्ज आलेलाच नाही’ असे मला सांगण्यात आले. दुसरा अर्ज द्यावा लागला.

सभा विभागातील लिपिक भाऊसाहेब स्वभावाने वाईट नव्हते. ते बसायला खुर्ची देत, पण काम होत नसे. त्यांचे म्हणणे असे की, सभेत जे घडले त्याचे इतिवृत्त लिहिले जाते, ते पुढच्या सभेत विषय क्रमांक एक म्हणून वाचले जाते, सदस्यांनी मान्य केले की ते ‘कायम’ होते, आणि त्यानंतरच त्याची साक्षांकित प्रत देता येते. सर्वसाधारण सभा दोन महिन्यांतून एकदा होते, म्हणजे ऑगस्टअखेरपर्यंत थांबणे भाग होते. इतपर्यंत मी समजू शकते. पण मग ठरावाची अंमलबजावणीही ऑगस्टपर्यंत थांबली असती, तर माझी तक्रार नसती. प्रत्यक्षात जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात शाळेत येऊन बाकांची मोजदाद झाली आणि ‘दिवाळीच्या सुट्टीत सामान हलवायचे आहे’ असे मुख्याध्यापकांना तोंडी सांगण्यात आले. जो ठराव मला दाखवण्याइतका पक्का नव्हता, तो शाळा हलवण्याइतका पक्का होता. मी हे भाऊसाहेबांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, “ते माझ्या टेबलाचं काम नाही, ताई.”

एकदा भाऊसाहेब रजेवर होते. एकदा कपाटाची किल्ली त्यांच्याजवळ राहिली होती. एकदा मसुदा साहेबांच्या सहीसाठी गेला होता, आणि साहेब जळगावला बैठकीला गेले होते. प्रत्येक खेपेला मी अर्ध्या दिवसाची रजा टाकत होते आणि त्या रजेचे पैसे कापले जात होते. हे इतके तपशिलाने लिहिते, कारण ‘एक चक्कर मारून या’ असे सांगणाऱ्याला त्या चकरेची किंमत माहीत नसते.

जुलैच्या मध्याला मी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला. दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावले की शुल्क भरल्यासारखेच असते. मी आधी तीन पानांचे निवेदन लिहिले होते, त्यात संतापच जास्त होता. मग कळले की महाराष्ट्रात 2012पासून अर्ज एकाच विषयावर आणि साधारण 150 शब्दांत असावा, असा नियम आहे. दुसरे असे की, ‘शाळा का हलवता’ हा प्रश्न या अर्जात विचारून उपयोग नसतो. कार्यालयाकडे जो कागद आहे, तोच मागायचा असतो. मी शेवटी असे लिहिले : ‘विषय क्रमांक 17वरील चर्चा, ठराव, सूचक व अनुमोदक यांची नावे असलेल्या नोंदीची प्रत ज्या स्वरूपात उपलब्ध असेल त्या स्वरूपात मिळावी, तसेच सभेच्या नोंदवहीचे निरीक्षण करू द्यावे.’ सूचक म्हणजे ठराव मांडणारा सदस्य, अनुमोदक म्हणजे त्याला पाठिंबा देणारा, आणि निरीक्षण म्हणजे कार्यालयात बसून कागद स्वतः पाहणे. ‘ज्या स्वरूपात उपलब्ध असेल’ आणि ‘निरीक्षण’ हे शब्द पहिल्या अर्जातच असावेत, असा माझा आग्रह आहे.

तीस दिवसांची मुदत संपायला एक दिवस उरला असताना उत्तर आले. त्यात तीच ओळ होती : इतिवृत्त कायम झालेले नसल्याने माहिती देता येत नाही. तो कागद हातात धरून मी पोस्टमनसमोरच रडले.

वीस रुपयांचे स्टॅम्प लावून मी वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे प्रथम अपील केले. नकार मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत ते करावे लागते. त्या काळात मी माहिती अधिकार कायद्याचे मराठी पुस्तक विकत घेऊन रात्री वाचत असे. कलम 2मध्ये ‘अभिलेख’ या शब्दात दस्तऐवज, हस्तलिखित आणि फाइल असे सर्व धरलेले आहे. मसुदा म्हणजे खोटा कागद नव्हे, तो लिहिलेला आणि कार्यालयात ठेवलेला कागद आहे. कलम 4मध्ये तर कार्यालयाने स्वतःहून काय जाहीर करावे याची यादी आहे आणि त्यात सभा जनतेसाठी खुल्या आहेत का, त्यांची इतिवृत्ते जनतेला पाहता येतात का, हे प्रसिद्ध करण्याची जबाबदारी कार्यालयावरच टाकलेली आहे. सुनावणी गणपतीच्या दिवसांत, सप्टेंबरच्या सुरुवातीला झाली. मी एवढेच म्हणाले : “साहेब, मला साक्षांकित प्रत आज नको. मसुदा मसुदा म्हणूनच दाखवा, त्यावर ‘कायम झालेले नाही’ असा शेरा मारा, पण दाखवा.” अपिलीय अधिकाऱ्यांनी थोडा विचार केला आणि सात दिवसांत निरीक्षण द्यावे, असा आदेश तिथेच लिहून दिला. मला त्यांच्याविषयी मनापासून कृतज्ञता आहे. पंधरा मिनिटांच्या त्या सुनावणीने जे झाले, ते टेबलासमोर दोन महिने उभे राहून झाले नव्हते.

निरीक्षणाचा पहिला तास विनाशुल्क असतो. मला पाच मिनिटे पुरली. नोंदवहीत विषय 17खाली ठराव होता, सूचक होते, अनुमोदक होते आणि शेवटी दोन शब्द होते : ‘सर्वानुमते मंजूर’. तिन्ही सदस्यांच्या विरोधाचा एक शब्दही नव्हता.

तिथे बसल्या बसल्या मला ‘कायम झालेले नाही’ याचा खरा अर्थ उमगला. इतिवृत्त कायम होईपर्यंतच ते दुरुस्त करता येते. पुढच्या सभेत सदस्याने हरकत घेतली, तर चुकीची नोंद बदलते. कायम झाल्यावर मात्र तीच नोंद पुरावा म्हणून उभी राहते. म्हणजे ज्या काळात पाहण्याचा सर्वाधिक उपयोग असतो, नेमका तोच काळ पाहू न देण्याचे कारण म्हणून मला सांगितला जात होता. मी नियमाप्रमाणे गप्प थांबले असते, तर मला शिक्क्यानिशी एक अशी प्रत मिळाली असती, जिच्यात आमच्या बाजूने कोणी बोललेच नव्हते.

ऑगस्टची सभा लांबलेली होती आणि विधानसभेची आचारसंहिता लागण्याआधी ती उरकण्याची सर्वांना घाई होती. ती पुढच्याच आठवड्यात ठेवली होती. मी त्याच संध्याकाळी नगरसेविकांच्या घरी गेले. “अक्का, तुमचा विरोध लिहिलेलाच नाही,” असे सांगितल्यावर त्यांचा आधी विश्वास बसेना. माझी वही पाहिल्यावर त्यांनी उरलेल्या दोघांना बोलावून घेतले आणि तिघांच्या सहीचे पत्र दुसऱ्या दिवशी आवक विभागात गेले. सभेत विषय क्रमांक एकवर अर्धा तास वाद झाला. अखेर ‘सर्वानुमते’ खोडून ‘बहुमताने’ झाले आणि तिघांची नावे कारणांसह लिहिली गेली. प्रेक्षकांच्या बाकावर बसून ते ऐकताना मला जो अभिमान वाटला, तो मी लपवणार नाही.

21 सप्टेंबरला आचारसंहिता लागली, कर्मचारी निवडणुकीच्या कामाला गेले आणि साक्षांकित प्रत पुन्हा लांबली. इथे माझी एक चूक झाली. प्रत हाती आल्याशिवाय जिल्हाधिकाऱ्यांकडे जाता येणार नाही, असे मी धरून चालले होते. दिवाळी तोंडावर आली, बाके हलवण्याचे दिवस जवळ आले, तेव्हा न राहवून मी एसटीने जळगावला गेले. तिथल्या आवक खिडकीवर मी निरीक्षणातील टिपणे, अपिलाचा आदेश, तिघांचे पत्र आणि दोन्ही शाळांच्या अंतराचा हाताने काढलेला नकाशा जोडून अर्ज दिला. तो तसाच स्वीकारला गेला. ठरावाची प्रत नगरपरिषदेकडूनच मागवली जाईल, असे सांगण्यात आले. हे मी सप्टेंबरमध्येच करू शकले असते.

पुढचे टप्पे सरळ गेले. नगरपरिषदेकडून अहवाल मागवला गेला आणि तोवर सामान हलवणे थांबले. तपासणीत आठपैकी दोनच वर्ग धोकादायक निघाले. जानेवारीत अंमलबजावणी थांबवण्याचा आदेश आला. ते दोन वर्ग बंद ठेवून बाकीच्यांत शाळा भरू लागली आणि करोनाचा काळ सरल्यावर त्यांची दुरुस्तीही झाली. माझी मुलगी पाचवीपर्यंत तिथेच शिकली. आता ती नववीत आहे.

एक गोष्ट वर सांगायची राहिली. निरीक्षणाला एकटीने जाऊ नये, आणि जे वाचले ते जसेच्या तसे उतरवून, पान क्रमांकासह, खाली तारीख व वेळ टाकून सोबत आलेल्या माणसाची सही घ्यावी. माझ्याबरोबर माझ्या जाऊबाई आल्या होत्या. पुढच्या सभेत ‘मसुद्यात सर्वानुमते असे नव्हतेच’ असे एकाने म्हटले, तेव्हा अक्कांनी जाऊबाईंच्या सहीचा तो कागद सभागृहात वाचून दाखवला.