आमचा प्लॅटफॉर्म ओपन सोर्स करताना निघालेल्या भानगडी (माझा अनुभव)

आमची पुण्यात बारा-चौदा जणांची कंपनी, दूध संकलन केंद्रावर वापरतात ती हातातली मशीनं बनवतो. दुधातल्या फॅट-एसएनएफचा (स्निग्धांश आणि बाकीचे घन घटक) आकडा घ्यायचा, शेतकऱ्याच्या खात्यावर लिटर टाकायचे, छोटी थर्मल पावती काढायची. आत लिनक्स, योक्टोवर (आपल्या मशीनपुरतं लिनक्स बांधून देणारं साधन) बांधलेलं. दोनेक वर्षांपूर्वी सरांच्या डोक्यात आलं की खालचा प्लॅटफॉर्म ओपन करून टाकू, म्हणजे त्याचा कोड कुणालाही बघायला-वापरायला खुला, वरचं दुधाचं ॲप आपलं राहू दे. मी म्हणलं त्यात काय, रेपो (कोडचं भांडार) पब्लिक करायचा, एक बटण. आठ महिने गेले.

मला मुळात फार उत्साह नव्हता. कॉलेजात नेटबुकवर मीगो ही लिनक्सवाली ऑपरेटिंग सिस्टीम टाकून मिरवलेला माणूस मी. इंटेल आणि नोकियाने फेब्रुवारी २०१० मधे गाजावाजा करून आणलं, वर्षात नोकिया विंडोज फोनकडे गेली, सप्टेंबर २०११ ला इंटेल टायझेन या दुसऱ्या सिस्टीमकडे, आणि आम्ही बसलो वॉलपेपर बघत. सर म्हणाले अरे आपल्याला कुठे ॲन्ड्रॉईड करायचंय, आपल्यासारख्या चार जणांना परत तेच दळण दळायला लागू नये एवढंच.

पहिला दणका गिटच्या हिस्ट्रीचा, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाच्या (कमिटच्या) नोंदीचा. ऑफिसच्या वाय-फायचा पासवर्ड, एका गिऱ्हाईकाच्या सर्व्हरची की, आणि कमिट मेसेजमधे "आता तरी चाल रे बाबा" पासून ते इथे लिहिता येणार नाही इथपर्यंत सगळं. "हा गाढवपणा कुणी केलाय" असा एक होता, ब्लेम (कुठली ओळ कुणी लिहिली ते) काढलं तर मीच. फिल्टर-रेपो या टूलने पुसत बसलो, दर वेळी नवीन काहीतरी निघायचं, शेवटी सगळ्या कोडचा एकच कमिट करून नवा रेपो काढला आणि सहा वर्षांची हिस्ट्री आतच ठेवली. अजून वाईट वाटतं.

मग लायसन्स. योक्टो प्रत्येक बिल्डला कुठल्या पॅकेजचं लायसन्स काय याची यादी काढून देतं, ती फाइल आम्ही कधी उघडलीच नव्हती. कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि बिझीबॉक्स (छोट्या कमांडांचा संच) जीपीएल दोन या लायसन्सखाली, म्हणजे मशीन विकलं तेव्हापासूनच गिऱ्हाईकाने मागितला तर त्यांचा सोर्स द्यायला आम्ही बांधील होतो, कुणी मागितला नाही हे आमचं नशीब. बॅश (कमांड चालवणारा शेल) आणि त्याला लागणारी रीडलाइन लायब्ररी जीपीएल तीन. तिथे लॉक केलेल्या बूटच्या किल्ल्यांचा प्रश्न येतो (गिऱ्हाईकाला बदललेलं सॉफ्टवेअर मशीनवर चालवता यावं म्हणून त्या द्याव्या लागू शकतात), त्यात पडायचं नव्हतं, म्हणून जीपीएल तीन बिल्डमधूनच बंद केलं. तर सकाळी मशीन चार्जिंगवरून उठेना, कारण बॅटरीच्या स्क्रिप्टमधे कुणीतरी बॅशचे ॲरे (याद्या) वापरलेले आणि बिझीबॉक्सच्या शेलला ते कळत नाहीत. आमच्या स्वतःच्या लेअरला (योक्टोवर चढवलेल्या आमच्या कोडला) एमआयटी हे मोकळं लायसन्स लावलं, त्यावर वाद झाला नाही.

वाय-फायच्या ड्रायव्हरच्या प्रत्येक फाइलवर "गोपनीय" लिहिलेलं. चिप देणाऱ्यांना मेलवर मेल केले, दोन महिने उत्तर नाही. शेवटी नव्या बोर्डवर ज्याचा ड्रायव्हर मूळ कर्नलमधेच आहे असं मॉड्यूल घेतलं, जुना बोर्ड पब्लिक रेपोत वाय-फायशिवायच गेला.

पण खरी रात्र झाली ती कोऱ्या मशीनवरच्या बिल्डची. इंटर्नच्या लॅपटॉपवर पहिल्यापासून बांधायचं ठरलं, आणि फेच करतानाच (बाहेरून सोर्स उतरवताना) धडाधड एरर. आमच्याकडे तर रोज बिल्ड होतंय! तासभर डोकं खाजवल्यावर कळलं की गिटहबने मार्च २०२२ मधे जुना गिट प्रोटोकॉल बंद केला, आमच्या अकरा रेसिपीत (पॅकेज कुठून आणायचं, कसं बांधायचं त्या फाइलींत) अजून तोच पत्ता, आणि ऑफिसच्या सर्व्हरवरच्या डाउनलोड फोल्डरमधे सगळं आधीच पडलेलं असल्यामुळे आम्ही इतके दिवस बाहेर गेलोच नव्हतो. प्रत्येक रेसिपीत एचटीटीपीएस लिहीत बसलो. मग रॅम संपली, एकाच वेळी चालणारी कामं चारवर आणली. सकाळी साडेसहाला इमेज तयार झाली तेव्हा इंटर्न खुर्चीतच झोपलेला.

लॉन्च म्हणाल तर काहीच झालं नाही. दहा दिवस चिटपाखरू नाही. अकराव्या दिवशी एकाने पावतीचा फोटो टाकला, त्यात "शेतकऱ्याचे" मधला "ऱ्या" फुटून र, हलंत, या असा वेगवेगळा आलेला. आम्ही इंग्रजी पावतीवरच टेस्ट करायचो, हे कबूल करायला लाज वाटते. त्यानेच हार्फबझ (अक्षरं नीट जुळवणारी लायब्ररी) जोडून पॅच (कोडमधला बदल) पण पाठवला, चाळीस ओळी, एकदम स्वच्छ काम. पण साइन्ड-ऑफची ओळ नव्हती म्हणून बॉटने अडवला. मी लिहिलं, दादा, कमिट करताना डॅश एस लावा, हा कोड द्यायचा तुम्हाला हक्क आहे असं त्यातून कळतं. त्यांनी अर्ध्या तासात लावून पाठवला. खाली सही आली, "रूट ॲट लोकलहोस्ट", म्हणजे माणसाचं नावच नाही.

परत मेल केलाय.